नॅनो सीरममुळे औषध खरंच केसाच्या मुळापर्यंत जातं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३२, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि टाळूवर केस विरळ झालेत, त्वचारोगतज्ज्ञांनी अनुवंशिक पुरुषी टक्कल असं निदान केलंय. आठ महिने ५ टक्के मिनॉक्सिडिलचं द्रावण रोज दोनदा लावून झालं. थोडा फरक आहे, पण डोकं खाजतं आणि केसांत पांढरी पूड दिसते. आता 'नॅनो' असं लिहिलेलं एक सीरम समोर आलंय. कण अतिसूक्ष्म असल्यामुळे औषध दसपट खोल जातं, असा त्याचा दावा आहे. ते घ्यावं का, आणि चालू औषध थांबवावं का?

चालू औषध थांबवू नका, पण खाजही सोसत बसू नका. तिच्यावर साधा उपाय आहे, तो पुढे सांगतो. सीरमचं उत्तर जरा लांबलचक आहे. त्वचेवर लावायच्या औषधांची फॉर्म्युलेशन्स करणं हे माझं काम, आणि त्यातली बरीच वर्षं केशकूपात, म्हणजे त्वचेतल्या ज्या खळग्यातून केस उगवतो त्यात, औषध पोचवणाऱ्या कणांवरच गेली. या तंत्रावर माझा विश्वास आहे, म्हणूनच त्याच्या नावावर भलतंच काही विकलं जातं तेव्हा त्रास होतो. नॅनोकण हे वाहन आहे. आत बसलेलं औषध कोणतं, किती, आणि ते कुठे उतरतं, यावर सगळं ठरतं. 'खोल जातं' या शब्दांत तर मूळ मुद्दाच हरवतो, कारण या कणांचं खरं बळ केशकूपात टिकून राहण्यात आहे.

आधी तुमच्या हातातल्या बाटलीकडे बघू. मिनॉक्सिडिल पाण्यात फारच कमी विरघळतं, एका मिलिलिटरमध्ये जेमतेम २ मिलिग्रॅम. ५ टक्के द्रावणात मात्र एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम हवं. म्हणून त्यात अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल घालावं लागतं. डोक्यावर लावल्यावर काही मिनिटांत अल्कोहोल उडून जातं. मागे उरलेल्या द्रवाला एवढं औषध धरून ठेवता येत नाही आणि ते स्फटिक होऊन बाहेर पडतं. तुम्हाला दिसणाऱ्या पांढऱ्या पुडीत थोडा कोंडा असेलही, पण बहुतेक तुमचं औषधच आहे. उशीवर झडलं, कंगव्यात गेलं, अंघोळीत वाहिलं. लावलेल्या औषधापैकी सरासरी १.४ टक्क्यांच्या आसपासच शरीरात शोषलं जातं. आणि खाजेचं कारण बऱ्याचदा मिनॉक्सिडिल नसून हे प्रोपिलीन ग्लायकॉल असतं.

म्हणजे जुन्या द्रावणाची अडचण खरी आहे. पण ती नेमकी कशात आहे हे कळलं नाही तर उपायही चुकीचा निवडला जातो.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. जाडी फार तर १० ते २० मायक्रोमीटर, पण शरीराचा खरा तट तोच. विटांसारख्या चपट्या पेशी आणि त्यांच्यामध्ये चरबीचा चुना. या तटातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू सहसा जात नाही, असा आमच्या क्षेत्रात एक ठोकताळा आहे. मिनॉक्सिडिलचा रेणू २०९ डाल्टनचा आहे, टकलावर वापरल्या जाणाऱ्या फिनास्टराइडचा ३७२, ड्युटास्टराइडचा ५२८. म्हणजे मिनॉक्सिडिलचा रेणू आधीच पुरेसा लहान आहे. त्याची अडचण आकाराची नाही. विरघळलेलं राहणं आणि योग्य जागी पुरेसा वेळ थांबणं, घोडं इथे अडतं.

आता कणांची मापं बघा. केस साधारण ७५ मायक्रोमीटर जाड धरला, तर ३०० नॅनोमीटरचे अडीचशे कण त्याच्या रुंदीत शेजारी शेजारी बसतील. फार बारीक वाटतात. पण पेशींमधल्या त्या चुन्याची फट शंभर नॅनोमीटरहूनही अरुंद असते. त्यामुळे धडधाकट त्वचेतून असा कण अखंड आत जात नाही. जाऊही नये. मग त्याला वाट कुठली? केसाच्याच कडेची. केस जिथून बाहेर येतो तिथे नरसाळ्यासारखं तोंड असतं, आणि त्याच्या खालच्या भागात तो कडक थर पातळ होत जातो. तट तिथे सर्वांत कमकुवत आहे, आणि औषध हवंय तेही त्याच बाजूला.

या वाटेचा पद्धतशीर अभ्यास बर्लिनच्या शारिते रुग्णालयात युर्गेन लाडेमान यांच्या गटाने केला. २००७ मध्ये त्यांनी साधारण ३२० नॅनोमीटरच्या कणांत रंग भरला आणि तोच रंग कणांशिवायही लावून बघितला. नुसतं लावून ठेवलं तेव्हा दोन्ही जवळपास सारखेच उतरले. बोटाने चोळलं तेव्हा कण कितीतरी खोल गेले. मग माणसांच्या त्वचेवर बघितलं, तर साधा रंग केशकूपात ४ दिवसांपर्यंत सापडला आणि कणांतला १० दिवसांपर्यंत. माझ्या मते या विषयातलं सर्वांत मोलाचं निरीक्षण हे आहे. त्वचेचा पृष्ठभाग धुतला जातो, घासला जातो, त्याची पापुद्र्यांची गळ चालूच असते, पण केशकूप कोठारासारखा माल सांभाळून ठेवतो.

त्याच गटाने २०११ मध्ये वेगवेगळ्या आकारांचे कण तपासले. सर्वांत खोल गेले ते साधारण ६४० नॅनोमीटरचे. त्याहून मोठे उथळ राहिले आणि त्याहून लहानही उथळच राहिले. 'जितका बारीक तितका खोल' हे वाक्य इथेच गळून पडतं. याचं कारण केसाच्या रचनेत शोधलं गेलं. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात आणि त्यांच्या कडेची जाडी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास असते. केस हलतो तसे हे खवले त्या मापाच्या कणांना एकाच दिशेने ढकलत नेतात, दातेरी चाकासारखे. चोळण्याने इतका फरक का पडतो, हेही त्यातून कळतं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा स्वतः बघितली तो दिवस आठवतो. आमच्याकडे अशा चाचण्यांसाठी डुकराचा कान वापरतात. माणसाची कातडी शरीरापासून वेगळी झाली की आकसते आणि केशकूपांची तोंडं मिटतात. कानात कूर्चा असल्यामुळे ती ताणलेली राहते. चमकणाऱ्या रंगाचे कण टाकले, हातमोजा घातलेल्या बोटाने तीन मिनिटं गोल गोल चोळलं, तासाभराने तुकडा गोठवून पातळ काप काढले. सूक्ष्मदर्शकाखाली आजूबाजूची सगळी त्वचा काळी होती आणि केसाच्या कडेने एक हिरवी रेघ खाली उतरत गेलेली. शेजारच्याच केशकूपात मात्र रेघ तोंडाशीच थांबली होती. तिथे मृत पेशी आणि वाळलेल्या तेलाचं बूच बसलेलं होतं. एकाच बोटाने, एकाच वेळी चोळलेले दोन केशकूप. एकात औषध गेलं, एकात नाही. तेव्हापासून कोणीही लेपाबद्दल विचारलं की मी आधी डोक्याच्या स्वच्छतेबद्दल विचारतो. तेलाचा थर आणि कोंड्याचे पापुद्रे तसेच ठेवून कितीही चांगलं औषध लावलं तरी ते बुचावर लागतं.

आता ती रेघ कुठवर गेली, हा पुढचा प्रश्न. वाढीच्या अवस्थेतल्या जाड केसाचं मूळ त्वचेच्या पृष्ठभागापासून ३ ते ४ मिलिमीटर खाली असतं. कण थांबतात ते त्याच्या कितीतरी वर, नरसाळ्याच्या भागात. म्हणजे 'नॅनोकण मुळापर्यंत पोचतो' हे खरं नाही. कण वर थांबतो, तिथे औषध सोडतो, आणि सुटं झालेलं औषध केशकूपाच्या भिंतीतून खाली झिरपतं. कणाने माल सोडलाच नाही, तर तो तिथेच पडून राहतो आणि काही दिवसांनी तेलाबरोबर बाहेर येतो. केस रोज साधारण ०.३५ मिलिमीटर बाहेर सरकत असतो आणि तेलग्रंथींचा स्रावही वरच वाहतो, त्यामुळे केशकूपातली सगळी रहदारी मुळात बाहेरच्या दिशेची आहे. म्हणून कण किती खोल गेला यापेक्षा त्याने औषध किती वेळात आणि कोणत्या वेगाने सोडलं, हे आम्ही जास्त बारकाईने बघतो. पहिल्या तासातच सगळं सुटलं तर साध्या द्रावणात आणि त्यात काही फरक उरत नाही.

वाहनांचे प्रकार बरेच आहेत, सगळ्यांत शिरत नाही. लायपोसोम म्हणजे पेशीच्या आवरणात असतो तशा चरबीच्या दुहेरी पडद्याची पोकळ गोळी. ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात तिचा शोध लावला आणि १९८० च्या सुमारास ती त्वचेवरच्या औषधांसाठी वापरून बघितली गेली. एलका तुइतू यांनी १९९० च्या दशकात तिच्यात भरपूर अल्कोहोल घालून पडदा लवचीक केला, ते इथोसोम. पीएलजीए हा विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यातला ओळखीचा पदार्थ. त्याचे कण हळूहळू विघटित होतात आणि औषध सावकाश सोडतात.

घन चरबीच्या कणांवर मात्र जरा थांबतो, कारण त्यांनी मला सर्वांत जास्त शिकवलं. कल्पना फार सुंदर आहे. शरीराच्या तापमानालाही घट्ट राहणारी चरबी वितळवायची, तिच्यात औषध मिसळायचं, गरम पाण्यात तिचे बारीक थेंब करायचे आणि थंड होऊ द्यायचे. केशकूपात तेल असतंच, त्यात चरबीचा कण सहज मिसळतो. सुरुवातीच्या वर्षांत मी अशी एक बॅच केली. पहिल्या दिवशी पातळ दुधासारखी, निळसर झाक असलेली, आकार हवा तसा, औषध बहुतेक सगळं आत. मी खूश होतो. सहा आठवड्यांनी तीच शीशी हलवून बघितली तर तळाशी जडपणा जाणवला. थेंब काचपट्टीवर घेतला, तर सूक्ष्मदर्शकाखाली सुयाच सुया. चरबी थंड होताना घाईघाईने, वेडीवाकडी गोठते आणि त्या वेड्यावाकड्या फटींत औषध बसतं. पण पुढे शीशीत ठेवल्या ठेवल्या तिचे स्फटिक हळूहळू नीट रचले जातात, फटी बुजतात आणि औषध बाहेर ढकललं जातं. मी पहिल्या दिवशी मोजलेला प्रत्येक आकडा बरोबर होता, आणि वापरणाऱ्याच्या हातात मात्र पुन्हा स्फटिकच जाणार होते. यावर उपाय म्हणून घन चरबीत थोडं पातळ तेल मिसळतात, म्हणजे तिची रचना कायमची विस्कळीत राहते आणि औषधाला जागा उरते. या दुसऱ्या पिढीच्या कणांचं काम १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं आणि केसांच्या औषधांसाठी मला आजही ते सर्वांत आशादायक वाटतं. पण तयार झाल्या दिवशीच्या मोजमापांवर मी तेव्हापासून भरवसा ठेवत नाही.

वाहन कितीही चांगलं केलं तरी जी गोष्ट त्याच्या हातात नाही, तीही सांगायला हवी. मिनॉक्सिडिल ज्या रूपात बाटलीत असतं त्या रूपात ते केसावर काम करत नाही. केशकूपाच्या बाहेरच्या आवरणातलं सल्फोट्रान्सफरेज नावाचं एन्झाइम त्याचं मिनॉक्सिडिल सल्फेट करतं, आणि काम तेच करतं. काही लोकांत हे एन्झाइम मुळातच कमी असतं. त्यांच्या केशकूपात दुप्पट औषध नेऊन ठेवलं तरी ते बदलणार कोण? तयार सल्फेटच कणात भरावं, हा विचार साहजिक आहे, पण ते पाण्यात टिकत नाही.

आता 'दसपट'कडे येतो. असे आकडे बहुतेक वेळा प्रयोगशाळेतून आलेले असतात: कातडीच्या तुकड्यातून किती औषध गेलं, किंवा उंदराच्या पाठीवर किती केस उगवले. उंदरांबद्दल एक गोष्ट कळली तर पुढे कुठलीही बातमी वाचताना उपयोगी पडेल. उंदराचे केस कळपाने वाढतात आणि कळपाने विश्रांती घेतात. साधारण सात आठवड्यांच्या उंदराचे पाठीवरचे केस विश्रांतीत असतात. तेव्हा तिथले केस काढून औषध लावलं आणि केस लवकर उगवले, तर त्यातून एवढंच कळतं की विश्रांती लवकर संपली. उंदराला पुरुषी टक्कल पडतच नाही. आणि तुमच्या टाळूवर केशकूप झोपलेले नाहीत, ते आक्रसत चाललेत. डुकराच्या कानावरच्या प्रयोगालाही अशीच मर्यादा आहे. तिथला केस जाड, ताठ असतो; तुमच्या विरळ भागातला केस लव झालाय, तो खवल्यांनी कणांना कितपत ढकलेल? जमेची बाजू म्हणजे आक्रसलेला केशकूप उथळही होतो, म्हणजे अंतर कमी पडतं. या दोन्हींचा ताळेबंद माणसाच्या डोक्यावरच मांडावा लागतो, कातडीच्या तुकड्यावर तो सुटत नाही.

माणसांवर सिद्ध झालेलं काय आहे? अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २ टक्के मिनॉक्सिडिलला १९८८ मध्ये मंजुरी दिली, ५ टक्क्यांचं द्रावण १९९७ मध्ये आलं, फोम २००६ मध्ये. पुरुषांसाठी फिनास्टराइडची १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ ची. नॅनोकणांत भरलेल्या कोणत्याही लेपाला केसगळतीसाठी त्यांची अशी मंजुरी मिळालेली नाही. याचा अर्थ तंत्र खोटं आहे असा होत नाही. त्याची साध्या द्रावणाशी, त्याच मात्रेत, शेकडो माणसांवर, निदान सहा महिने तुलना होऊन निकाल लागायला हवा, आणि तोवर 'दसपट' हा शब्द वापरायचा अधिकार कोणालाच नाही.

मला विचाराल तर नॅनोकणांची खरी गरज मिनॉक्सिडिलपेक्षा फिनास्टराइडला जास्त आहे. गोळी सगळ्या शरीरातलं डीएचटी, म्हणजे केशकूप आक्रसवणारं पुरुषी संप्रेरक, कमी करते, आणि लैंगिक किंवा मानसिक त्रासाच्या भीतीने अनेक जण ती घेत नाहीत. डोक्यावर फवारायच्या ०.२५ टक्के फिनास्टराइडची मोठी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. केसांची वाढ गोळीच्या जवळपास झाली आणि रक्तातलं औषधाचं सर्वोच्च प्रमाण शंभरपटीहून कमी होतं. तरीही रक्तातलं डीएचटी ३४.५ टक्के घटलं. गोळीने ते ५५.६ टक्के घटलं होतं. म्हणजे वरून लावलेलं औषधही रक्तात उतरतंच. ते केशकूपातच अडवून ठेवणारा कण बनला, तर हजारो लोकांची भीती कमी होईल. माझ्या कामातली सगळी धडपड त्यासाठी आहे. तोवर, वरून लावायचं फिनास्टराइड निरुपद्रवी समजून स्वतःच्या मनाने वापरू नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिचा त्या औषधाला हातही लागता कामा नये, कारण मुलग्याच्या गर्भाच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

सीरम विकणाऱ्याला काय विचारायचं? पहिलं म्हणजे आत औषध कोणतं आणि किती टक्के. नुसता वनस्पतींचा अर्क, व्हिटॅमिन किंवा पेप्टाइड असेल तर उत्तम वाहनातून रिकामी फेरी मारण्यासारखं आहे. मग कणांचा आकार किती, आणि तो तयार झाल्या दिवशीचा आहे की बाटलीवरची मुदत संपतानाचा. औषधाचा किती भाग खरोखर कणांच्या आत आहे. चाळीस टक्के आत आणि साठ टक्के बाहेर असेल तर तुम्ही निम्म्याहून जास्त साधं द्रावणच विकत घेताय. आणि तुलना कशाशी केली: त्याच मात्रेच्या साध्या औषधाशी की नुसत्या पाण्याशी? 'नॅनो' हा शब्द बाटलीवर असणं हे काही प्रमाणपत्र नव्हे. युरोपीय संघाच्या सौंदर्यप्रसाधन नियमांतली नॅनोपदार्थाची व्याख्या न विरघळणाऱ्या किंवा शरीरात टिकून राहणाऱ्या, १ ते १०० नॅनोमीटरच्या पदार्थांपुरती आहे. लायपोसोम तिच्यात बसतही नाही.

एक इशारा कळकळीने देतो, कारण हा प्रकार वाढतोय. डर्मारोलरने डोक्यावर सुया फिरवायच्या आणि लगेच वर नॅनो सीरम ओतायचं, असं करू नका. सुयांचा उपयोग खोटा नाही. २०१३ च्या एका चाचणीत १०० पुरुषांपैकी ज्यांनी १२ आठवडे मिनॉक्सिडिलबरोबर आठवड्यातून एकदा मायक्रोनीडलिंग करून घेतलं, त्यांचे केस नुसतं मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त वाढले. पण कण बाहेरच थांबतील हे गृहीत धरून आम्ही त्यांची सुरक्षितता तपासतो, आणि छिद्रं पाडल्यावर तो तटच उरत नाही. इतर सौंदर्य सीरम सुयांनंतर लावल्यामुळे त्वचेखाली गाठी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. सुया टोचायच्या असतील तर डॉक्टरांकडे, आणि त्या दिवशी काय लावायचं, काय नाही हे त्यांनाच विचारून.

तर आता तुम्ही काय करावं. डॉक्टरांना विचारून द्रावणाऐवजी मिनॉक्सिडिलचा फोम घ्या. फोममध्ये सहसा प्रोपिलीन ग्लायकॉल नसतं, लेबलवर एकदा खात्री करा. बहुतेकांची खाज दोनेक आठवड्यांत थांबते. थांबली नाही तर मिनॉक्सिडिलचीच ॲलर्जी आहे का, याची पॅच टेस्ट करून घ्या. कोंडा असेल तर आधी त्याचा उपचार करा. लावताना डोकं धुतलेलं आणि पूर्ण कोरडं असू द्या, केसांत भांग पाडत औषध त्वचेवर टेकवा, केसांवर नाही. मग बोटांच्या पेरांनी दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने चोळा. नखं लावू नका. चोळण्याचा तो फायदा कणांवर दिसला होता, फोमवर तेवढाच मिळेल असं मी म्हणणार नाही, पण निदान औषध केसांवर वाळत बसण्याऐवजी त्वचेशी पोचतं. नंतर हात साबणाने धुवा.

एकाच जागी, एकाच उजेडात, ओल्या नव्हे तर कोरड्या केसांचा फोटो आज काढा आणि मग दर तीन महिन्यांनी. फोम सुरू केल्यावर आणखी सहा महिने द्या. तेव्हाही फरक दिसला नाही, तर डॉक्टरांशी फिनास्टराइडबद्दल बोला. त्या वळणावर नवं वाहन शोधण्यापेक्षा दुसरं औषध जास्त कामाचं. आणि मिनॉक्सिडिल मध्येच सोडून सीरमवर जाण्याचा विचार असेल तर हे ध्यानात असू द्या: मिनॉक्सिडिलने टिकलेले केस ते बंद केल्यावर तीन ते सहा महिन्यांत गळतात. त्या काळात तुम्ही नवं सीरम लावत असाल तर दोष सीरमचा की औषध थांबवल्याचा, हे तुम्हालाही कळणार नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही.